अंगणवाडी : एका सामासिक शब्दाचा इतिहास

‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारतातील बहुतेक सर्व भाषांत रूढ झालेला आहे. हिंदीत ‘आंगनवाड़ी’ व ‘आंगनबाड़ी’ अशी दोन्ही रूपे आढळतात. मलयाळममध्ये त्याचे ‘अंकणवाडी’ झाले आहे. बंगालीने ‘अंगन’ हे पूर्वपद ‘अ’कारादीच ठेवले आहे. मराठी मुलखात घडलेला शब्द शासनव्यवहाराच्या द्वारे काश्मीरपासून केरळापर्यंत पोचावा, अशी उदाहरणे फार नाहीत. परंतु या शब्दाचे महत्त्व केवळ त्याच्या प्रसारात नाही. लहान मुलाचे शिक्षण, त्याचे आरोग्य, त्याचा आहार आणि त्याच्या आईची मजुरी या चार गोष्टींचा विचार चार ठिकाणी न करता एकाच ठिकाणी करावा, ही कल्पना या शब्दात साठविलेली आहे. ती कल्पना कशी घडली, शब्दात कशी उतरली आणि शब्द योजनेचे नाव झाल्यावर तिच्यातील कोणता अंश टिकला व कोणता गळाला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. शब्दाचे दोन अवयव

‘अंगण’ हा शब्द संस्कृत ‘अङ्गन’ किंवा ‘अङ्गण’ यापासून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘जाणे, वावरणे’ हा अर्थ आहे. घराच्या आत नाही आणि घराच्या बाहेरही नाही, अशी ही वावरण्याची जागा होय. ‘वाडी’चे मूळ संस्कृत ‘वाटिका’ हे असून ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली भूमी. मराठीत तिचे दोन अर्थ स्थिरावले. एक, बागाईत : नारळाची वाडी, पोफळीची वाडी, चिकूची वाडी. दुसरा, शेतकऱ्यांच्या घरांचा लहानसा पुंजका. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत.

‘बालवाडी’ या शब्दात यांपैकी पहिला अर्थ योजलेला दिसतो. जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शिशुसंस्थेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ हे नाव दिले. मराठीत प्रथम त्याला ‘बालोद्यान’ असा संस्कृत प्रतिशब्द मिळाला. ‘उद्यान’ हे राजवाड्याचे किंवा शहराचे. ‘वाडी’ ही घामाने शिंपलेली, गावकऱ्याच्या ओळखीची. ‘बालोद्यान’ मागे पडून ‘बालवाडी’ रुळली, यात केवळ उच्चाराचे सौकर्य नसून संस्था शहरातून खेड्याकडे सरकल्याची खूण आहे.

तथापि ‘अंगणवाडी’ हा ‘बालवाडी’नंतरचा शब्द असून त्याच्या मागे पाऊण शतकाचा प्रवास आहे. त्याचा आरंभ महाराष्ट्रात नव्हे, तर रोममध्ये शोधावा लागतो.

२. रोममधील घर व भावनगरचे मंदिर

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. या घटनेकडे सामान्यतः शिक्षणशास्त्रातील प्रयोग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिचा उगम एका गृहबांधणी संस्थेच्या व्यावहारिक अडचणीत होता. संस्थेने मोडकळीस आलेल्या चाळी दुरुस्त करून मजूर कुटुंबांना भाड्याने दिल्या. परंतु आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली लहान मुले जिने व भिंती खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठी चाळीतीलच एक खोली देण्यात आली आणि देखरेखीस माँटेसोरी यांना बोलावण्यात आले. त्या शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. मुलांची वजने-मापे घेणे, त्यांची स्वच्छता पाहणे व आयांना सल्ला देणे हा प्रारंभापासूनच कामाचा भाग होता. शिक्षिकेने त्याच चाळीत राहावे व आईने मुलाला स्वच्छ करून पाठवावे, असा नियम होता. घरमालक, वैद्यक आणि शिक्षण यांचा संयोग हा अशा रीतीने या पद्धतीच्या जन्मातच होता. संस्थेचे इटालियन नावही ‘मुलांचे घर’ असेच आहे.

ही पद्धती जगभर पसरताना तिच्यातील वैद्यक आणि वस्ती हे दोन धागे सैल झाले. साहित्याच्या पेट्या तेवढ्या सर्वत्र पोचल्या. भारतात तिला स्वतंत्र रूप देणाऱ्यांत अग्रभागी होते गिजुभाई बधेका. पेशाने वकील असलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ‘बालमंदिर’ सुरू केले. ‘मंदिर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘घर’ असाच आहे. गुजराती व मराठीत मात्र तो देवाच्या घरापुरता मर्यादित झाला. त्यामुळे ‘बालमंदिर’ या शब्दात माँटेसोरींचे ‘घर’ राहिले आणि त्याच्यावर पावित्र्याची छटाही चढली. मूल हे शिकवण्याचा विषय नसून आदराचा विषय आहे, ही गिजुभाईंची शिकवण त्या नावात व्यक्त झाली.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईस येऊन ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला ‘शिशुविहार’ काढला. ‘विहार’ या शब्दात क्रीडा आहे, मोकळेपणा आहे. परंतु तेथे येणारी मुले प्रायः शहरी मध्यमवर्गातली होती. १९३१ मध्ये लंडन येथे माँटेसोरींच्या अध्यापक-वर्गापुढे बोलताना महात्मा गांधींनी अशी आशा व्यक्त केली होती की, हे शिक्षण केवळ सधनांच्या नव्हे तर दरिद्री मुलांच्याही वाट्याला यावे. दादरचा शिशुविहार ती आशा पुरी करू शकत नव्हता, आणि याची जाणीव स्वतः ताराबाईंना इतरांपेक्षा अधिक होती.

३. गिरणगावातील मूल

दादरपासून चालत जाण्याच्या अंतरावर गिरणगाव होते, आणि तेथील लहान मुलांचा प्रश्न शिक्षण हे नावदेखील न घेता वेगळ्याच दालनात चर्चिला जात होता. १९२१ च्या सुमारास मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास कोकणात जात व त्या जन्मांची नोंद मुंबईत होत नसे, म्हणून हा आकडा काहीसा फुगलेला आहे, हे खरे. तरीही एका खोलीत अनेक कुटुंबे कोंबणाऱ्या चाळींची कहाणी तो पुरेशी सांगतो. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने १९२२ च्या सुमारास सरकारच्या मजूर खात्यासाठी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. तीत असे आढळले की, कामावर जाणारी आई मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत असे, आणि ही रीत अपवादात्मक नसून जवळजवळ सार्वत्रिक होती.

या पाहणीचे फलित दोन प्रकारचे झाले. काही मोजक्या गिरण्यांनी पाळणाघरे उघडली. आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूति-लाभाचा कायदा संमत झाला. हे विधेयक १९२८ मध्ये विधिमंडळापुढे आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला होता. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांस पाळणाघर बंधनकारक केले व १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सर्व दस्तऐवजांत मूल हे ‘मजूर स्त्रीचे अपत्य’ आहे. त्याचे वजन आहे, मृत्यू आहे. परंतु त्याला शिकण्याची इच्छा आहे असा उल्लेख नाही. उलट बालमंदिराच्या वाङ्मयात मूल जिज्ञासू आहे, स्वावलंबी आहे. परंतु त्याने सकाळी काय खाल्ले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. एकाच शहरात, एकाच दशकात, दोन वेगळ्या शब्दसंग्रहांत वाढणारी ही दोन मुले एकत्र यावयाची होती. ती एकत्र आली मुंबईत नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेस, समुद्रकाठच्या बोर्डी या गावी.

४. बोर्डी : शाळा वस्तीत जाते

१९४५ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत नई तालीमची कक्षा सात वर्षांच्या अलीकडे, म्हणजे पूर्व-बुनियादी वयापर्यंत वाढविण्यात आली. आणि त्याच सुमारास कस्तुरबा निधीच्या प्रशिक्षण शिबिरात ताराबाईंची अनुताई वाघ यांच्याशी गाठ पडली. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, कष्टाने शिकून शिक्षिका बनलेल्या. त्या वेळी ताराबाईंचे वय ५३ व अनुताईंचे ३५. दोघींनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

तत्कालीन ठाणे जिल्ह्याचा (२०१४ पासून पालघर जिल्ह्याचा) हा उत्तर भाग तेव्हा अस्वस्थ होता. १९४५ मध्येच तलासरी, डहाणू व उंबरगाव या भागांत वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जातून आलेली गुलामी यांविरुद्ध वारल्यांचा लढा किसान सभेच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्या लढ्यातील गोदावरी परुळेकरांचे कार्य सर्वश्रुत आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्यांचा मार्ग वेगळा होता, परंतु भूमी एकच होती. बोर्डी-घोलवडच्या परिसरात ‘वाडी’ म्हणजे प्रामुख्याने चिकूची बाग. ती दुसऱ्याच्या मालकीची आणि तिच्यात राबणारा वारली. वारल्यांच्या स्वतःच्या वस्तीला ‘पाडा’ म्हणतात. ज्या मुलाचे आईबाप दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करीत, त्या मुलासाठी त्याच्या नावाची एक ‘वाडी’ काढण्यात आली, हा या शब्दाचा स्थानिक अर्थ कोशात सापडत नाही. पण तेथील मजुराला तो सांगावा लागला नसेल.

बोर्डीच्या अनुभवाने शहरी पद्धतीची दोन गृहीते मोडली. पहिले, साहित्याचे. माँटेसोरी पद्धतीच्या लाकडी उपकरणांची किंमत खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या यांपासून मोजणीचे, वर्गीकरणाचे, रंगपरिचयाचे साहित्य घडविण्यात आले. दुसरे गृहीत अधिक मूलभूत होते. मूल शाळेत येते ते न्हालेले, खाल्लेले, निजून उठलेले असते, असे शहरात समजले जाई. वस्तीतील मूल तसे येत नसे. तेव्हा अंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे यांनीच दिवसाचा आरंभ होऊ लागला. ही कामे शिक्षणापूर्वीची नसून शिक्षणच होत, असा सिद्धांत या रोजच्या गरजेतून निघाला. गिरणगावात डॉक्टरने पाहिलेले मूल आणि भावनगरात गिजुभाईंनी पाहिलेले मूल येथे प्रथमच एका शरीरात ओळखले गेले.

५. कोसबाड : अंगण, कुरण, विकासवाडी

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. येथे वारली पाड्यांशी संबंध अधिक निकटचा झाला, आणि याच काळात ज्या तीन शब्दांची भर पडली त्यांत या चळवळीचे तत्त्वज्ञान संक्षेपाने आले आहे.

पहिला शब्द ‘अंगण-बालवाडी’. ठराविक वेळी ठराविक इमारतीत भरणारी ती ‘मध्यवर्ती बालवाडी’. परंतु पाडे विखुरलेले, मुले भित्री, आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. अशा स्थितीत मध्यवर्ती बालवाडी रिकामी राही. तेव्हा मूल येत नसेल तर बालवाडीने त्याच्या दारी जावे, असे ठरले. पाड्यातील एखाद्या झोपडीच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर बालवाडी भरू लागली. या स्थलांतराने भाषेचाही प्रश्न हलका झाला. शाळेच्या इमारतीत प्रमाण मराठीचा दरारा असतो. अंगणात वारली बोलीची सत्ता असते. तेथे शिक्षिका पाहुणी असते आणि पाहुण्याला यजमानाची भाषा शिकावी लागते. शिवाय अंगणात म्हातारी आजी बसलेली असते, अंगावर पिणाऱ्या मुलाची आई येजा करते; त्यांच्यासमोर मुलाला न्हाऊ घातले म्हणजे निराळ्या व्याख्यानाची गरज राहत नाही.

दुसरा शब्द ‘कुरणशाळा’. थोडी मोठी मुले गुरे राखण्यास जात. त्यांना शाळेत आणणे म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न बुडविणे. म्हणून शिक्षक कुरणावर गेला. गुरे चरत असता तेथेच शिकणे चालले. शिक्षण आणि बालमजुरी यांत निवड करण्याची सक्ती न करता, मजुरीच्या वास्तवाशी तात्पुरती तडजोड करून मुलापर्यंत पोचण्याचा हा मार्ग होता. त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत; परंतु मुलाच्या अडचणीचे कारण मुलात नसून त्याच्या घरच्या अर्थव्यवस्थेत आहे, ही ओळख त्यात आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘विकासवाडी’. प्राथमिक शाळेत मुली का येत नाहीत, याचा शोध घेता असे दिसले की, त्यांच्या काखेत धाकटे भावंड असते. भावंडाला पाळणाघरात घेतल्यावाचून मुलगी शाळेत बसू शकत नव्हती. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणण्यात आली. मोठी मुलगी शाळेत, मधले भावंड बालवाडीत, तान्हे पाळण्यात, आणि आई निश्चिंतपणे कामावर. सरकारदरबारी या तीन संस्था तीन खात्यांच्या. कुटुंबाच्या दृष्टीने ती तीन मुले एकाच घरातली. खात्यांच्या रचनेऐवजी कुटुंबाची रचना प्रमाण मानली, हे विकासवाडीचे वैशिष्ट्य होय. ताराबाईंना १९६२ मध्ये ‘पद्मभूषण’ देण्यात आले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अनुताईंनी १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत हे कार्य चालविले.

६. शब्द योजनेत जातो

स्वातंत्र्यानंतर ‘बालवाडी’ हा शब्द शासनाने उचलला. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या ग्रामीण कल्याण-प्रकल्पांतून ठिकठिकाणी बालवाड्या निघाल्या. परंतु नाव पसरले तरी रचना विभागलेलीच राहिली. १९६३ मध्ये उपयोजित पोषण कार्यक्रम आला. १९७०-७१ मध्ये विशेष पोषण कार्यक्रम व बालवाडी पोषण कार्यक्रम असे आणखी दोन आले. लसीकरण आरोग्य खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, बालवाडी समाजकल्याणाकडे.

या विस्कळीतपणाची कबुली खुद्द शासनाने दिली. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या मीना स्वामीनाथन यांच्या अभ्यासगटाने १९७२ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलाचा सर्वांगीण विचार करण्याचा आग्रह धरला. नियोजन आयोगाच्या आंतर-मंत्रालयीन अभ्यासगटांनीही त्याच वर्षी असा निष्कर्ष काढला की, तुटपुंजा निधी, अपुरी व्याप्ती आणि तुकड्यातुकड्यांनी होणारे काम यांमुळे बालकल्याणाच्या कार्यक्रमांचा परिणाम दिसत नाही. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व अनौपचारिक शिक्षण आणि मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा एका केंद्रातून द्यावयाच्या होत्या. त्या केंद्राचे नाव ‘अंगणवाडी’.

शब्दरचनेच्या दृष्टीने हा मध्यमपदलोपी समास होय. ‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण भरून केलेली पोळी, ‘साखरभात’ म्हणजे साखर घालून केलेला भात. त्याचप्रमाणे अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. कोसबाडचा ‘अंगण-बालवाडी’ आणि योजनेतील ‘अंगणवाडी’ हे दोन शब्द शेजारी ठेवले असता जे पद लोपले आहे ते ‘बाल’ हे होय. व्याकरणात मध्यमपदाचा लोप अर्थाला बाधा आणीत नाही, कारण बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनात ते पद उपस्थित असते. शासनव्यवहारात मात्र लोपलेले पद सर्वांच्या मनात उपस्थित राहील, याची हमी नसते.

योजनेच्या पुढील इतिहासावरून हे दिसून येते. सहा सेवांपैकी आहार मोजता येतो, वजन मोजता येते. खेळ, गाणे, प्रश्न विचारण्याचे धाडस ही मोजण्यास अवघड. परिणामी नोंदवह्या प्रथम आहाराच्या व वजनाच्या भरल्या गेल्या आणि शाळापूर्व शिक्षण उरलेल्या वेळेवर आले. मुलाला मिळणारी संज्ञाही बदलली. शाळेच्या हजेरीपटात तो ‘विद्यार्थी’, दवाखान्याच्या नोंदीत ‘बालक’, आणि योजनेच्या अहवालात ‘लाभार्थी’. गिजुभाईंच्या शब्दसंग्रहातील मूल कर्ता होते. ‘लाभार्थी’ या शब्दातील मूल संप्रदान आहे, ज्याला काही द्यावयाचे असा विभक्त्यर्थ.

यावरून योजना निष्फळ ठरली असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने ती सर्व वस्त्यांना लागू करण्यास सांगितले व १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने १४ लाख केंद्रांची अपेक्षा ठेवली. आज केंद्रांची संख्या त्याच्या आसपास आहे. खाती खरोखर एकत्र आली तेथे फळही दिसले. २००५ मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. आरोग्य आणि बालविकास या खात्यांच्या कर्मचाऱ्यांना गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर एकत्र लक्ष देण्यास लावणे, हे त्याचे मुख्य काम. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील ३९ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती. २०१२ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २४ टक्के आढळले. परंतु ही गती टिकली नाही. पाच वर्षांखालील मुलांपुरते पाहता, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) खुरटलेल्या मुलांचे प्रमाण राज्यात ३४.४ टक्के होते, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ३५.२ टक्के झाले. संयोग हा एकदा करून संपणारा विधी नव्हे, हेच या आकड्यांतून निष्पन्न होते.

७. सेविका

वर खाती वेगळी राहिली आणि खाली केंद्र एक झाले. तेव्हा त्यांचा सांधा कोठे तरी असणे भाग होते. तो सांधा म्हणजे अंगणवाडी सेविका. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ती जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतून महिला व बालविकास खात्याशी जोडलेली आहे. लस टोचणारी परिचारिका आरोग्य खात्याची. शेजारच्या शाळेतील गुरुजी शिक्षण खात्याचे. महिन्यातून एकदा भरणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिनी ही सर्व मंडळी एका ओट्यावर येतात, आणि मुलांना व आयांना घरोघरी जाऊन बोलावून आणते ती सेविका. सहा सेवांचा संयोग मंत्रालयात नव्हे, तिच्या दिवसात घडतो.

तिच्या पदनामातच तिची स्थिती सांगितलेली आहे. ‘सेविका’ हा शब्द ‘ग्रामसेविका’, ‘बालसेविका’ या पूर्वीच्या पदनामांच्या वळणावर घडला. सेवेचे मोल होत नाही, ती अर्पण केली जाते, असा त्यात संकेत आहे. म्हणून तिला मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. ताराबाई व अनुताई यांच्या बाबतीत सेवा ही स्वेच्छेची होती. लक्षावधी स्त्रियांच्या बाबतीत तीच भाषा नोकरीचे हक्क नाकारण्यास उपयोगी पडली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान अधिनियम लागू होतो, असा निर्णय दिला. तिला मिळणारे मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते, असा त्याचा आशय आहे. तरीही डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ अखेरपर्यंत महाराष्ट्रातील सेविकांना वेतनवाढ व अन्य मागण्यांसाठी संपावर राहावे लागले. त्या काळात आहार, वजन आणि शाळापूर्व शिक्षण ही सर्व एकदम विस्कळीत झाली. अनेक खात्यांचा भार एकाच सांध्यावर ठेवलेला आहे, याचे याहून स्पष्ट प्रमाण नको.

८. उपसंहार

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, अंगणवाड्या शक्य तेथे प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याचा पर्याय पुढे केला आणि या कामाची जबाबदारी शिक्षण, महिला व बालविकास, आरोग्य व आदिवासी कल्याण या चार मंत्रालयांवर संयुक्तपणे टाकली. कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीने जे केले होते त्याचाच हा मोठा आराखडा होय. एक फरक मात्र विसरता कामा नये. विकासवाडीत शाळेजवळ बालवाडी आणली ती धाकट्या भावंडाला काखेत घेऊन आलेली मुलगी पाहून. तेथे पाळणाघर हा रचनेचा पाया होता. आईच्या कामाच्या तासांचा विचार न करता केवळ दोन इमारती शेजारी आणल्या, तर आवार एक होईल. संयोग होणार नाही. शिवाय ज्या पाड्यांपासून शाळा दूर आहे, तेथील तीन वर्षांच्या मुलाला पुन्हा मध्यवर्ती बालवाडीची वाट चालावी लागेल, आणि अंगण-बालवाडी ज्या कारणाने काढावी लागली ते कारण नव्याने उत्पन्न होईल.

बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी, अंगण-बालवाडी, कुरणशाळा, विकासवाडी, अंगणवाडी या शब्दमालिकेत प्रत्येक नवे नाव हे आधीच्या नावात न मावलेल्या मुलासाठी घडविले गेले. मंदिरात न मावलेले मूल विहारात, विहारात न मावलेले वाडीत, वाडीपर्यंत न पोचणारे अंगणात, अंगणातही न सापडणारे कुरणावर शोधण्यात आले. ‘अंगणवाडी’ हे या मालिकेतील सर्वांत यशस्वी नाव. परंतु ते रूढ झाल्यापासून आज जवळजवळ पन्नास वर्षांत मालिकेत तितक्या तोलामोलाच्या शब्दाची भर पडलेली नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर, शहरातील बांधकामाच्या जागी आईबापांबरोबर फिरणाऱ्या मुलाला कोठलेच अंगण नाही. त्याच्यापर्यंत पोचावयाचे तर समासातील लोपलेले मध्यमपद प्रथम परत आणावे लागेल.